जुना ट्रॅक्टर अर्ध्या तासाने दम सोडतो, इंजिन खोलायचं का?

काळं_रान:

नमस्कार मंडळी, जुना ट्रॅक्टर आहे, ३५ एचपी, ३ सिलिंडर, साधा बिनटर्बोचा, डिझेलचा इनलाइन पंप आणि ऑइल बाथवाला (तळाच्या ऑइलमधे धूळ धरणारा) एअर क्लीनर. तासाचा मीटर कधीचा बंद आहे त्यामुळे किती चाललाय ते सांगता येणार नाही, पण इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही एवढं नक्की.

प्रॉब्लेम असा की नांगराला जोडला की पहिला अर्धा तास मस्त ओढतो, काही तक्रार नाही. मग हळूहळू दम सोडायला लागतो, ॲक्सिलेटर फुल असला तरी आवाज खाली खाली येत जातो, गिअर एक खाली घेतला की थोडा वेळ तग धरतो आणि मग परत तेच, कधी कधी तर जागेवर बंदच पडतो. दहा पंधरा मिनिटं उभा ठेवायचा, सेल मारायचा, लगेच चालू, आणि परत ओढायला लागतो पण आता पहिल्याइतका वेळ नाही. रिकामी ट्रॉली घेऊन रस्त्याने गेलं तर काहीच होत नाही, दिवसभर चालेल.

दुसरं म्हणजे सकाळी थंड असताना लवकर चालू होत नाही, सेल बराच मारावा लागतो, पांढरा धूर येतो आणि चालू झाल्यावर थोडा वेळ एक सिलिंडर नसल्यासारखा थडथड करतो, मग सुरळीत होतो. दोन्ही डिझेल फिल्टर नुकतेच बदललेत, एअर पण नीट काढलीये. ब्रीदरमधून (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी) थोडी वाफ दिसते. ऑइल थोडं थोडं टाकावं लागतं पण फार नाही. पाण्याचा काटा जागेवर असतो.

मिस्त्री म्हणतोय कंप्रेशन गेलंय, हाफ इंजिन करून घ्या, लायनर पिस्टन रिंगा सगळं. काम मोठं आहे आणि पेरणी तोंडावर आलीये म्हणून विचारतोय, खरंच खोलावं लागेल का, की खोलायच्या आधी बघण्यासारखं काही आहे?


पाना_चौदा:

बंद पडतो ना, तेव्हा लगेच टाकीचं झाकण उघडा आणि कान देऊन ऐका, हवा आत ओढल्याचा सुस्स आवाज येतो का. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, धूळ आणि डिझेल मिळून ते बुजतं, मग टाकीतलं डिझेल कमी होत जातं पण हवा आत जायला वाट नसते आणि पंपाला ओढायला जड जातं. झाकण सैल ठेवून एकदा नांगर चालवून बघा, फुकटातली टेस्ट आहे.

आणि दोन गोष्टी तुम्ही लिहिल्याच नाहीत. दम सोडतो तेव्हा धूर कसला येतो? आणि इंजिनचा आवाज खरंच पडतो, की इंजिन ओरडतंय आणि ट्रॅक्टर पुढे सरकत नाही असं होतं? कारण तसं असेल तर तो क्लच आहे, इंजिनला दोष देऊ नका.


काळं_रान:

नाही नाही, इंजिनचाच आवाज पडतो, क्लच घसरत नाहीये. धुराचं म्हणाल तर पहिल्या अर्ध्या तासात कडक जमीन लागली की काळा धूर टाकतो जसा आधीपासून टाकायचा तसा. पण दम सोडायला लागला की धूर जवळजवळ दिसतच नाही, सायलेन्सर स्वच्छ.


जुनं_डिझेल:

भाऊ, तुमचं अर्धं उत्तर तुम्ही त्या शेवटच्या ओळीतच दिलंय. थोडं सविस्तर लिहितो कारण याच एका गोष्टीवरून लोकांची इंजिनं विनाकारण खोलली जातात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

लोड आला की गव्हर्नर, म्हणजे रेस राखणारा भाग, पंपाचा रॅक (डिझेल कमीजास्त करणारी पट्टी) पुढे ढकलतो आणि जास्त डिझेल सोडायला लावतो. इंजिनात हवा कमी पडत असेल, कंप्रेशन कमी असेल, नोझल (सिलिंडरमधे डिझेल फवारणारे) थुंकत असतील, तर ते जास्तीचं डिझेल नीट जळणार नाही आणि धूर टाकणार, काळा नाहीतर पांढरा. म्हणजे डिझेल येतंय पण जळत नाहीये अशा वेळी सायलेन्सर गप्प बसत नाही. इथे रेस फुल आहे, लोड फुल आहे, आवाज पडतोय आणि धूर नाही, याचा अर्थ जाळायला डिझेलच येत नाहीये. दुसरी गोष्ट, लायनर रिंगा झिजल्या असत्या तर पहिला अर्धा तास मस्त आणि नंतर बंद असं झालं नसतं, झिज काय दहा मिनिटं उभं राहिल्यावर भरून येत नाही.

रिकाम्या ट्रॉलीला का त्रास होत नाही तेही बघा. ३५ एचपीचं इंजिन पूर्ण लोडवर तासाला साधारण ६ ते ८ लिटर पितं, म्हणजे मिनिटाला १०० ते १३० मिली. नुसतं कमी रेसवर उभं असेल तर एखाद दीड लिटरवर भागतं. म्हणजे वाट अर्धी बुजलेली असली तरी हलक्या कामाला तुम्हाला कळणारच नाही, नांगर टेकला की उघडं पडणार.

आता काय करायचं. तुम्ही फिल्टर बदलले पण फिल्टर हा मधला टप्पा झाला, त्याच्या अलीकडे टाकी, टाकीच्या तळातला कॉक आणि त्याच्या आतली जाळी, तिथून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) पाइप, फीड पंपाच्या तोंडाची बारीक जाळी किंवा काचेची वाटी, एवढं सगळं राहिलंय. त्या फीड पंपाच्या जाळीबद्दल तर अनेकांना माहीतच नसतं, बँजो बोल्ट (ज्याच्या आतून डिझेल जातं तो पोकळ बोल्ट) काढला की आत दिसते, काही पंपांना असते काहींना नसते.

एकेक गोष्ट खोलत बसण्याआधी एक टेस्ट करा जी माझ्या मते सगळ्यात कामाची आहे. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा, टाकीपेक्षा खाली येणार नाही असा कुठेतरी पक्का बांधा आणि त्यातून नवा पाइप थेट फीड पंपाच्या इनलेटला जोडा. सायलेन्सरपासून लांब ठेवा आणि सांडणार नाही याची काळजी घ्या. परतीचा पाइप टाकीत जात असेल तर तसाच राहू दे, फक्त कॅन लवकर संपेल हे लक्षात ठेवा आणि संपायच्या आत परत भरा. एअर काढा आणि नांगराला लावा. अर्ध्या तासाच्या पुढे तसाच ओढत राहिला तर आजार टाकी ते फीड पंप यामध्येच आहे, इंजिन पंप नोझल सगळे सुटले. आणि तरीही दम सोडला तर मग फीड पंप, फिल्टरच्या पुढची लाइन, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह (जास्तीचं डिझेल परत सोडणारा) असं पुढे सरकायचं.

अजून एक, ट्रॅक्टर दम सोडत असताना पंपावरची स्टॉपची पट्टी बघा. स्टॉपची केबल गंजून अडकते, नॉब पूर्ण आत गेलाय असं वाटतं पण पट्टी पूर्ण मागे येत नाही, आणि मग पंप अर्धाच डिझेल सोडतो. हाताने ढकलून बघायचं, एक सेकंदाचं काम. तुमचं लक्षण अर्ध्या तासानंतरचं आहे म्हणून ते असण्याची शक्यता कमी, पण बघून घ्या. ॲक्सिलेटरची कांडी पण पंपाच्या स्टॉपरला टेकते का ते बघा, पेडल फुल म्हणजे पंप फुल असं नसतं.


लायनर_पिस्टन:

वरचं सगळं बरोबर आहे पण मिस्त्रीला एकदम मोडीत काढू नका असं माझं म्हणणं. सकाळचा पांढरा धूर आणि थडथड ही दुसरी तक्रार पण आहे ना, ती डिझेल कमी येण्याने होत नाही. थंड इंजिनला पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो, दाबून तापलेल्या हवेवरच ते पेट घेतं, तुमच्यासारख्या इंजिनात हवा साधारण १६ ते १८ पट दाबली जाते. ती हवा रिंगांच्या बाजूने नाहीतर व्हॉल्व्हमधून निसटली तर तापमान येत नाही आणि डिझेल तसंच धूर होऊन बाहेर. गरम झालं की फटी मिटतात आणि चालतं. त्यामुळे कंप्रेशन ठीक आहे असं आत्ताच म्हणता येणार नाही.

पण खोलायच्या आधी तपासता येतं. सकाळी चालू केल्या केल्या, थडथड चालू असतानाच, एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा पाऊण आटा सैल करा आणि आवाज ऐका. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की इंजिन लगेच बसतं, आवाज बदलतो. ज्याचा सैल केला तरी काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाहीये. गॉगल घाला, हाताला जाड कापड गुंडाळा आणि त्या फवाऱ्यासमोर बोट अजिबात नेऊ नका. पंपाच्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून नुसता टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि आत बोट सडतं, असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच वेळी दवाखाना गाठायचा.

इंजिन गरम असताना ऑइल टाकायचं झाकण उघडून उलटं नुसतं ठेवून द्या. थोडी वाफ आणि झाकण हलकं हलणं हे जुन्या इंजिनात चालतं. झाकण उडून पडत असेल, भकभक धूर येत असेल तर रिंगा गेल्यात. तुम्ही लिहिलंय थोडी वाफ आणि ऑइल फार खात नाही, त्यावरून रिंगांपेक्षा मला टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातल्या गॅपची, जास्त शंका येते. शेवटचे टॅपेट कधी केले होते?

लोक म्हणतात टॅपेट वाजत नाहीत म्हणजे ठीक आहेत. उलट आहे. व्हॉल्व्हची सीट झिजत जाते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप कमी होत जातो. गॅप वाढला तर टकटक वाजून कळतं, गॅप संपला तर काहीच आवाज नाही, पण व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तिथून कंप्रेशन जातं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह असेल तर पुढे जळतो.


काळं_रान:

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. टॅपेट कधी केले ते आठवत नाही म्हणजे फारच जुनं असणार. टाकीचं झाकण सैल करून चालवलं, काही फरक नाही, सुस्स आवाज पण नाही. स्टॉपची पट्टी पूर्ण मागे येते. आता कॅनची टेस्ट करतो.


माती_आणि_मशीन:

मधेच विचारतोय, माझ्या ट्रॅक्टरचं पण असंच आहे, लोडवर बसतो, पण माझा भरपूर काळा धूर टाकतो आणि पाण्याचा काटा पण वर जातो. मी पण कॅन लावून बघू का?


पाना_चौदा:

नाही, तुमचं उलटं आहे. तुमच्याकडे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. आधी एअर क्लीनर. ऑइल बाथ असेल तर खालची वाटी काढा, ऑइलखाली गाळाचा थर बसलेला असेल, तो काढून वाटी धुवून नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा, खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. मधल्या उभ्या पाइपात आणि वरच्या जाळीत भुसा माती अडकते, जाळी डिझेलमध्ये बुडवून धुवायची आणि पूर्ण निथळून मगच बसवायची. वरचा प्री क्लीनर पण बघा. कागदी फिल्टर असेल तर बदला, आपटून आपटून साफ केलेल्या फिल्टरवर भरवसा ठेवू नका.

काटा वर जातो त्यासाठी रेडिएटरची जाळी इंजिनच्या बाजूने पाणी मारून धुवा, पुढून मारलं तर कचरा अजून आत ठासला जातो, आणि पाण्याचा जोर जास्त ठेवला तर पातळ पत्रे वाकतात. पट्टा सैल आहे का बघा. एवढं करून पण गरम होत असेल तर थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का बघा, येत असतील तर हेड गॅस्केटकडे बघावं लागेल. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. तुमचा वेगळा विषय काढा म्हणजे दोन्हीची गल्लत होणार नाही.


काळं_रान:

कॅन लावला. पूर्ण कॅन संपला, परत भरला, तोही संपत आला, एकदाही दम सोडला नाही. कडक पट्ट्यात काळा धूर टाकत ओढत राहिला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मग टाकी रिकामी केली. कॉक आट्यातून काढला तर त्याला वर उभी जाळीची नळी आहे, ती जाळी दिसतच नव्हती, तिच्यावर काळपट चिकट असा थर, बोटाने ओढला की तार सुटावी तसा लोंबत येत होता. टाकीच्या तळाला पाणी होतं, डिझेल एका बरणीत काढून ठेवलं तर थोड्या वेळाने खाली पाणी वेगळं, मधे तो काळा तंतूंचा थर आणि वर डिझेल असं स्पष्ट दिसलं. जाळी धुतली, टाकी दोनदा डिझेलने खळबळून काढली.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. कॉक ते फीड पंप जो रबरी पाइप आहे तो बाहेरून चांगला दिसतो, कुठे चीर नाही, गळती नाही. जाळी साफ करून तोच पाइप परत लावला आणि चालवलं तर आधीपेक्षा जास्त वेळ ओढला पण शेवटी परत बसलाच. मग पाइप काढून उन्हात धरून आरपार बघितलं तर आतला थर एका जागी सुटून पडलाय, जीभ लोंबते तशी. तोंडाने फुंकलं तर हवा जाते, त्याच टोकातून ओढलं तर अडकतं.

पाइप बदलला. आता नांगर अडत नाही. अर्धा तास काय, सकाळपासून दुपारपर्यंत ओढलं. मला एवढं सांगा, दहा मिनिटं उभा ठेवला की परत का चालायचा?


जुनं_डिझेल:

वा, पाइप आरपार बघितलात हे फार चांगलं केलंत, बाहेरून हात फिरवून पाइप पास करणारे खूप असतात.

उभं ठेवल्यावर का चालायचा, तर दोन कारणं. इंजिन चालू असताना फीड पंप सतत ओढत असतो, त्या ओढीने जाळीवर तो चिकट थर दाबला जातो आणि पाइपातली ती सुटलेली पट्टी पण ओढली जाऊन वाट बंद करते. पंप थांबला की ओढ संपते, थर सैल पडतो, तंतू परत डिझेलमध्ये तरंगतात, पट्टी जागेवर येते, आणि टाकी वर असल्याने डिझेल हळूहळू उतरून फिल्टर परत भरतात. तेवढ्या साठ्यावर तो परत थोडा वेळ ओढायचा. दुसऱ्या वेळी लवकर दम सोडायचा कारण तोपर्यंत तळातला आणखी गाळ हलून जाळीवर आलेला असायचा.

ते काळे तंतू म्हणजे डिझेल आणि पाणी जिथे भेटतात तिथे वाढणारे बुरशी जिवाणू. पाणी नसेल तर ते वाढत नाहीत. त्यामुळे तळाच्या ड्रेनमधून अधूनमधून पाणी काढत जा, ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी चालू करायच्या आधी काढायचं म्हणजे सगळं खाली बसलेलं असतं. दिवसाचं काम संपलं की टाकी भरून ठेवणं चांगलं, रिकाम्या टाकीत रात्री थंडीने हवेतल्या ओलाव्याचं पाणी पत्र्याला सुटतं. आणि आत्ता जे नवे फिल्टर टाकलेत ना, त्यात हा गाळ गेलेलाच आहे, थोडं काम झालं की पहिला फिल्टर परत बदला. कॅनमधून ड्रममधून भरताना नुसत्या कापडाने गाळलं तर कचरा अडतो पण पाणी अडत नाही, ड्रम थोडा वेळ स्थिर ठेवून वरवरचं घ्या, तळाचं ओतू नका.

नवीन पाइप डिझेलला चालणाराच घेतला ना? पाण्याचा साधा पाइप लावला तर तो आतून फुगतो. आणि क्लिप दोन्ही टोकांना नीट आवळा. ही बाजू ओढीची आहे, इथे डिझेल बाहेर गळेलच असं नाही, इंजिन चालू असताना हवा आत शिरते, त्यामुळे जमिनीवर थेंब पडला नाही म्हणजे जोड पक्का असं समजू नका. बँजोचे तांब्याचे वायसर नवे टाका, नवे नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की मऊ होतात आणि परत बसतात. नोझलच्या खालच्या वायसरला मात्र हे करू नका, तिथे नवाच.


काळं_रान:

पाइप डिझेलचाच आहे, विचारून घेतला. ड्रेनचं लक्षात ठेवतो. आता सकाळचं राहिलं. ते तसंच आहे, पाइप बदलून काही फरक नाही.


पाना_चौदा:

सकाळच्याला हात घालायच्या आधी बॅटरी मोजा. सेल हळू फिरत असेल तर चांगल्या इंजिनचं पण कंप्रेशन लागत नाही, पिस्टन सावकाश वर येतो आणि दाबलेल्या हवेची उष्णता थंड ब्लॉकमध्ये निघून जाते, वर पांढरा धूर. मिस्त्री लोक थेट कंप्रेशनवर जातात त्यातलं निम्मं सेलवरच सुटतं.

साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभा असताना बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. दुसऱ्याला सेल मारायला सांगा, स्टॉप ओढून धरायचा म्हणजे चालू होणार नाही, आणि फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर मोजा, ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी कमजोर आहे नाहीतर सेल मोटर जास्त खातेय. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं थेट इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, परत सेल. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर तुमची अर्थ केबल खराब. ही अर्थ केबल चासीला लावलेली असते, खाली रंग गंज ग्रीस, कोणी बघत नाही.


लायनर_पिस्टन:

बरोबर, आणि ते झालं की टॅपेट. थंड इंजिनवर करायचे का गरम ते तुमच्या इंजिनच्या पुस्तकात दिलेलं असतं, गॅप पण तिथलाच घ्या, बहुतेक इंजिनांना ०.२५ ते ०.४० मिलिमीटरच्या मधे कुठेतरी असतो आणि इनटेक एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. ज्या सिलिंडरचं करताय तो कंप्रेशनच्या टॉपवर पाहिजे, म्हणजे त्याचे दोन्ही रॉकर मोकळे पाहिजेत. नुसती फ्लायव्हीलची खूण बघून करू नका, खूण एक्झॉस्टच्या टॉपला पण जुळते. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) परत घालून बघा.

त्याआधी ती नट सैल करायची टेस्ट करून कोणता सिलिंडर मेलेला आहे ते लिहून ठेवा, म्हणजे टॅपेटनंतर फरक पडला की नाही ते कळेल.


काळं_रान:

सगळं केलं, क्रमाने सांगतो.

बॅटरी ठीक होती, १२.५. सेल मारताना १०.४. पण निगेटिव्ह ते ब्लॉक मोजलं तर १.८ व्होल्ट! केबल चासीला जिथे लावलीये तिथला बोल्ट काढला तर वायसरखाली पांढरी हिरवी बुरशी आणि रंगाचा जाड थर. घासून चकचकीत केलं आणि शेवटी केबल नवीनच टाकली, थेट इंजिनच्या बोल्टला. आता सेलचा आवाजच बदललाय, आधी घरघर करत फिरायचा तो आता झपकन फिरतो. थंडीत पण एका सेलमध्ये चालू.

थडथड मात्र थोडी होती. नट सैल करून बघितलं, एक आणि तीनला इंजिन बसायचं, दोनला काहीच फरक नाही. म्हणून टॅपेट उघडले. पाच ठिकाणी गॅप थोडा कमीजास्त होता पण होता. दोन नंबरच्या एक्झॉस्टला गेजची सगळ्यात पातळ पट्टी पण जात नव्हती, रॉकर मोकळा असायला पाहिजे तिथे हातानं हलतच नव्हता. पुस्तकाप्रमाणे गॅप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत नट सैल करून बघितलं, दोन नंबर आता बोलतो, थोडा हळू बोलतो पण बोलतो. पांढरा धूर सुरुवातीला जरा येतो आणि लगेच जातो.

झाकण उलटं ठेवायची टेस्ट पण केली, हलतं पण जागेवर राहतं. म्हणजे सध्या हाफ इंजिन करत नाही. मिस्त्रीला पाइप दाखवला, तो पण म्हणाला हा बघायलाच पाहिजे होता, ठेवून घेतला त्याने बाकीच्यांना दाखवायला. दोन नंबरच्या व्हॉल्व्हचं काय करू, हेड आत्ताच उतरवू का?


लायनर_पिस्टन:

आत्ता नको. व्हॉल्व्ह आणि सीटमधे इतके दिवस गॅस निसटत होता त्यामुळे तिथे थोडं खाल्लेलं असणार, पण आता बंद होतोय म्हटल्यावर हंगाम काढा. फक्त दोन नंबरचा एक्झॉस्ट काही दिवसांच्या कामानंतर परत मोजा. गॅप टिकला तर विसरून जा. परत कमी झालेला दिसला तर सीट खचतेय, मग काम संपल्यावर हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं), गरज पडली तर सीट नवीन. तेव्हा हेड उघडलेलंच असेल तर लायनरच्या वरच्या टोकाला नख फिरवून बघा, रिंग जिथून उलटी फिरते तिथे पायरी लागते का, म्हणजे पुढच्या मोठ्या कामाचा पण अंदाज येईल.


जुनं_डिझेल:

एक गोष्ट आजच बघून घ्या, ऑइलची कांडी. दोन नंबरमधे इतके दिवस डिझेल न जळता जात होतं, ते भिंतीवरून उतरून ऑइलमधे मिसळलेलं असू शकतं. लेव्हल खुणेच्या वर आली असेल, ऑइल पातळ लागत असेल, डिझेलचा वास येत असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला आणि मगच नांगराला लावा, पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. बदलल्यानंतर पण लेव्हल वाढत राहिली तर डिझेल दुसरीकडून येतंय, मग फीड पंपाचा सील आणि पंपाचा पुढचा सील बघायचा.

हे मी घाईने लिहितोय कारण लेव्हल फार वर गेली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून पळायला लागतं, रेस आपोआप वाढत जाते आणि स्टॉप ओढला तरी बंद होत नाही कारण ते पंपाच्या डिझेलवर चालतच नसतं. तसं झालंच तर एअर क्लीनरच्या तोंडावर फळी किंवा सपाट पत्रा दाबून हवा बंद करायची, हात लावायचा नाही, आणि माणसं बाजूला करायची.


काळं_रान:

बघितलं, खुणेच्या बोटभर वर आहे आणि वास पण येतोय. ट्रॅक्टर उभाच ठेवलाय, ऑइल आणि फिल्टर आणायला निघालो.


जुनं_डिझेल:

इंजिन थोडं कोमट करून काढा म्हणजे सगळं उतरेल. कोमट म्हणजे जागेवर उभं, कमी रेसवर पाचेक मिनिटं, जास्त नाही, आणि तेवढा वेळ ती फळी हाताशी ठेवा. ड्रेन बोल्टला लोखंडाचा चुरा लागलाय का तेही बघा आणि इथे लिहा.